रॅम घेण्याआधी आतल्या पट्टीवरचं लेबल वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉप सात-आठ वर्षांचा, प्रोसेसर इंटेल कोअर आय५-८२५०यू. आत ८ जीबीची एकच रॅम, शेजारचा स्लॉट रिकामा. कंपनीच्या माहितीपत्रकात 'कमाल १६ जीबी' लिहिलंय. विक्रेता म्हणतो, १६ जीबीची ३२०० वाली घ्या, २४०० वाली आता शोधत बसू नका. मित्र म्हणतो, कंपनी आणि स्पीड तंतोतंत तेच हवं, नाहीतर बोर्ड जळेल. कोणाचं ऐकायचं?

विक्रेत्याचं बरंचसं, मित्राचं थोडंसं. ३२०० ची पट्टी तुमच्या मशीनमध्ये चालते, फक्त २४०० च्या वेगाने. कंपनी वेगळी असली तरी बिघडत नाही. १६ जीबीची पट्टीही चालायला हवी, पण '१६ जीबी डीडीआर४' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या बांधणीच्या पट्ट्या विकल्या जातात आणि तुमच्या मशीनसाठी त्यातली एकच मी डोळे मिटून घेईन. ते पुढे येईलच. बोर्ड जळण्याचं म्हणाल तर न जुळणारी रॅम बसवली की मशीन नुसतं चालू होत नाही, काढली की पुन्हा चालू होतं. बोर्डाला खरा धोका असतो तो बॅटरी जोडलेली ठेवून रॅम काढ-घाल करण्याने.

लॅपटॉप उघडायचं काम मी बरीच वर्षं करतोय. चुकीची रॅम घेऊन आलेल्या जवळजवळ सगळ्यांची एक गोष्ट सारखी असते: मागचं झाकण उघडायच्या आधी त्यांनी रॅम घेतलेली असते.

खरेदीच्याही आधी एक पायरी आहे. रॅम खरोखर कमी पडतेय का, हे बघा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे 'इन यूज' हा आकडा सगळे बघतात आणि ७० टक्के दिसलं की घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, विंडोज मोकळी रॅम वापरात आणतंच. बघायचा तो त्याच्या खालचा 'कमिटेड' हा आकडा. समजा तुमची रॅम ८ जीबी आहे आणि रोजचं सगळं उघडं असताना कमिटेडमध्ये ११.६/१४.२ असं दिसतंय, तर पहिला आकडा म्हणजे प्रोग्रॅमांनी मागून ठेवलेली जागा, दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची जागा) मिळून असलेली जागा. पहिला आकडा रॅमपेक्षा सतत बराच वर राहत असेल तर बहुधा डिस्कवर ये-जा चालली आहे आणि रॅम वाढवल्याचा फरक त्याच दिवशी कळेल. तो ५-६ जीबीवरच घुटमळत असेल आणि तरी लॅपटॉप रडत असेल, तर दुखणं दुसरीकडे आहे. १६ जीबी टाकूनही 'काहीच फरक नाही' म्हणून माझ्याकडे परत आलेल्या मशीनांत फिरती हार्ड डिस्क निघाल्याचं मी इतक्यांदा पाहिलंय की आता आधी तेच विचारतो. तुमच्याकडे अजून हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, मग रॅम. हा क्रम उलटा करू नका.

आता स्लॉट. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर 'फॉर्म फॅक्टर' असं लिहिलेलं असतं. तिथे 'एसओडिम' असेल तर काढता-घालता येणारी पट्टी आहे. 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. शेजारी 'स्लॉट्स यूज्ड' असतं, त्यावर मात्र विसंबू नका. सोल्डर केलेल्या मशीनमध्येही ते '२ पैकी २' किंवा '४ पैकी २' असं काहीबाही दाखवतं, कारण तो आकडा बायॉसमधल्या, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममधल्या, एका तक्त्यातून उचललेला असतो आणि तो तक्ता भरताना कोणी फार काळजी घेतलेली नसते. कमाल रॅम किती हे विचारणाऱ्या कमांडही याच तक्त्यातून उत्तर देतात. विंडोजमधली असो वा लिनक्समधली डीएमआयडीकोड, त्यांचा '३२ जीबी' हा जबाब पुरावा म्हणून धरू नका.

प्रोसेसरच्या माहितीत किंवा लॅपटॉपच्या कागदावर रॅमच्या नावाआधी 'एलपी' दिसलं, म्हणजे एलपीडीडीआर३, एलपीडीडीआर४एक्स, एलपीडीडीआर५, तर जवळजवळ नेहमीच ती सोल्डर केलेली असते. ॲपलच्या मॅकबुकमध्ये २०१२ च्या रेटिना मॉडेलपासून प्रो मालिकेतही रॅम बोर्डावर गेली आणि २०२० च्या एम१ पासून तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये आहे. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेतही तसंच: १६ किंवा ३२ जीबी, जे घेताना घेतलं तेच शेवटपर्यंत. अशा मशीनवर वाढवण्याचा विचार सोडून द्यायचा. मधला प्रकारही असतो, ४ किंवा ८ जीबी बोर्डावर आणि सोबत एक स्लॉट. तिथे स्लॉटातलीच पट्टी बदलता येते. अलीकडे कॅम२ नावाचा चपटा, स्क्रूने आवळायचा प्रकार आला आहे. जेडेक या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेने त्याचं मानक २०२३ च्या डिसेंबरमध्ये काढलं. तो फार थोड्या मशीनांत आहे. असेल तर साधी एसओडिम तिथे बसत नाही, एवढंच ध्यानात ठेवा.

तुमच्याकडे स्लॉट आहे, तेव्हा झाकण उघडा आणि आतल्या पट्टीवरचं लेबल वाचा. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा, अक्षरं बारीक असतात. तुमच्या काळातल्या पट्टीवर बहुधा असं काही दिसेल:

'८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-एसए१-११'

एवढ्या ओळीत सगळं आहे. ८ जीबी म्हणजे क्षमता. १आर म्हणजे रँक एक. एक्स८ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते. रॅमची रुंदी ६४ बिट, म्हणजे अशा आठ चिप मिळून एक रँक. पीसी४ म्हणजे डीडीआर४. २४०० हा वेग, त्यापुढचं टी हे अक्षर त्या वेगाच्या टायमिंगची, म्हणजे पट्टी उत्तर द्यायला किती ठोके घेते त्याची खूण. २१३३ ला पी, २६६६ ला व्ही, ३२०० ला एए असतं. त्यानंतरच्या 'एसए' मधला एस म्हणजे एसओडिम, लॅपटॉपची पट्टी. तिथे यू असतं तर ती डेस्कटॉपची लांब पट्टी झाली असती, जी दिसायलाच जवळजवळ दुप्पट असते.

यातलं न जुळून चालणार नाही असं काय, तर पिढी. डीडीआर३ ची एसओडिम २०४ पिनांची, डीडीआर४ ची २६०, डीडीआर५ ची २६२. चार आणि पाचमध्ये दोनच पिनांचा फरक, पण मधली खाच सरकवलेली असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. बसत नाही म्हणजे बसत नाही. खाच तासून बसवण्याचा प्रयत्न केलेली पट्टी मी पाहिलेली आहे. ती पट्टी गेली आणि स्लॉटही गेला. विजेचा दाबही पिढीगणिक वेगळा: डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. तेव्हा तुमच्यासाठी डीडीआर४, दुसरा विषयच नाही.

खाच ज्याला वाचवत नाही असा एकच सापळा आहे आणि तो तुमच्यापेक्षा जुन्या मशीनवाल्यांसाठी. डीडीआर३ आणि डीडीआर३एल. पिना तेवढ्याच, खाच तिथेच, दिसायला जुळी बहीण. फरक एवढाच की एल १.३५ व्होल्टवर चालते. एकदा चौथ्या पिढीच्या आय५ चा लॅपटॉप 'बोर्ड गेला' म्हणून आला. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतोय. मालकाने घरातल्या जुन्या लॅपटॉपची ४ जीबी काढून यात घातली होती. मी ती हातात घेऊन लेबल बघितलं: 'पीसी३-१२८००एस'. मशीनची मूळ पट्टी शेजारी ठेवली: 'पीसी३एल-१२८००एस'. एका अक्षराचा फरक. मूळ पट्टी लावली, मशीन चालू. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आणि त्यापुढच्या डीडीआर३ लॅपटॉपना १.३५ व्होल्टवालीच लागते. उलट दिशेने मात्र अडचण नाही, कारण एलची पट्टी १.५ व्होल्टवरही चालते. त्यामुळे डीडीआर३ चं मशीन कुठलंही असो, एलच घ्यायची. मग प्रोसेसरची पिढी शोधत बसायची गरजच उरत नाही.

आता कमाल क्षमता. हा या सगळ्यातला सगळ्यात गोंधळाचा भाग, म्हणून जरा थांबून सांगतो.

माहितीपत्रकातला 'कमाल १६ जीबी' हा आकडा बहुतेक वेळा लॅपटॉप बाजारात आला तेव्हा कंपनीने जे तपासलं आणि विकलं त्याचा असतो. खरी मर्यादा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरची, म्हणजे रॅम सांभाळणाऱ्या भागाची. इंटेलच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रोसेसरचं पान असतं. आय५-८२५०यू च्या पानावर कमाल मेमरी ३२ जीबी, दोन चॅनेल, डीडीआर४-२४०० असं लिहिलेलं आहे. चॅनेल म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधली स्वतंत्र वाट; दोन चॅनेल म्हणजे प्रत्येकी १६ जीबी. तेव्हा ८ च्या जोडीला १६ बसायला प्रोसेसरची आडकाठी नाही. आड येऊ शकतो तो लॅपटॉप कंपनीचा बायॉस, पण तसं क्वचित होतं. म्हणून खरेदी करताना एकच अट घालायची: चालली नाही तर परत घ्याल ना? घेत असतील तर माहितीपत्रकाला भिऊ नका.

पण क्षमता म्हणजे नुसते जीबी नव्हेत, एकेक चिप किती मोठी आहे तेही बघावं लागतं. हिशोब सोपा आहे. १६ जीबीच्या पट्टीवर '२आरएक्स८' लिहिलं असेल तर तिच्यावर दोन रँक, म्हणजे १६ चिप आहेत. १६ जीबी भागिले १६, प्रत्येक चिप १ जीबीची, म्हणजेच ८ गिगाबिटची. तीच १६ जीबी '१आरएक्स८' असेल तर चिप आठच, म्हणून प्रत्येक १६ गिगाबिटची. आज नव्याने बनणाऱ्या पट्ट्यांत ही दुसरी बांधणी फार असते, कारण कमी चिपमध्ये काम होतं. नव्या मशीनना दोन्ही सारख्याच. तुमचा प्रोसेसर आला तेव्हा मात्र ८ गिगाबिटच्या चिपचा जमाना होता. १६ गिगाबिटच्या चिप काही जुन्या मशीन गुमान घेतात, काही अर्धीच क्षमता दाखवतात किंवा चालूच होत नाहीत. त्यामुळे तुमच्यासाठी माझा आग्रह २आरएक्स८ चा. विक्रेत्याला नुसतं '१६ जीबी' न सांगता 'दोन रँकवाली, दोन्ही बाजूंना चिप असलेली' असं सांगा. तो लेबल वाचून दाखवायला तयार नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

हे असं पूर्वीही घडलेलं आहे. डीडीआर३ मध्ये इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या लॅपटॉपना ८ गिगाबिटच्या चिप झेपतच नसत, म्हणून त्यांत एका स्लॉटात ८ जीबीच्या वर काही चाललं नाही. पाचव्या पिढीपासून १६ जीबीची डीडीआर३एल चालायला लागली. डीडीआर५ मध्येही आता २४ आणि ४८ जीबीच्या पट्ट्या निघाल्या आहेत आणि बाराव्या पिढीच्या अनेक मशीनना त्या ओळखण्यासाठी आधी बायॉस अपडेट करावा लागतो. दरवेळी रॅम पुढे जाते आणि जुना कंट्रोलर तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत बसतो.

वेगाबद्दल लोक सगळ्यात जास्त काळजी करतात आणि ती सगळ्यात कमी करण्याजोगी आहे. प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते, एसपीडी म्हणतात तिला. कुठल्या वेगाला कुठले टायमिंग, याची यादी तिच्यात असते. चालू होताना बायॉस सगळ्या पट्ट्यांच्या याद्या वाचतो, प्रोसेसरची मर्यादा बघतो आणि सगळ्यांना जमेल असा वेग धरतो. तुमचा प्रोसेसर २४०० वर थांबतो, म्हणून ३२०० ची पट्टी २४०० ने चालेल. जास्तीचा वेग वाया जातो खरा, पण ती वेगळी शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा बरं. पुढेमागे डीडीआर४ चंच दुसरं मशीन घेतलं तर ती पट्टी तिथेही कामाला येईल. लेबलावर कधी ३२०० च्या जागी 'पीसी४-२५६००' असं दिसेल. घाबरू नका, ३२०० गुणिले ८ बाइट म्हणजे २५६००. तीच पट्टी, फक्त मोजण्याची रीत वेगळी. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १२०० मेगाहर्ट्झ दिसलं म्हणजे अर्धाच वेग मिळतोय असंही नाही. घड्याळाच्या एका ठोक्याला दोन वेळा माहिती जाते, डीडीआरमधल्या 'डबल'चा अर्थच तो. विंडोज ११ आता मेगाहर्ट्झऐवजी मेगाट्रान्सफर लिहितं, हे बरं झालं.

सीएल १७ आणि सीएल २२ (माहिती मागितल्यावर ती द्यायला पट्टी घेते ते ठोके) ही तुलनाही अशीच फसवी. २४०० च्या पट्टीचे १७ ठोके म्हणजे सुमारे १४.२ नॅनोसेकंद, ३२०० च्या पट्टीचे २२ ठोके म्हणजे १३.७५. मोठा आकडा दिसतो तिथे उलट किंचित लवकर काम होतं. लॅपटॉपमध्ये या आकड्यावर डोकं घालवू नये.

एक मात्र टाळा. गेमिंगच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही पट्ट्यांचा खोक्यावरचा वेग एक्सएमपी नावाची सेटिंग चालू केल्यावरच मिळतो. बहुसंख्य लॅपटॉपच्या बायॉसमध्ये ती सेटिंगच नसते. मग पट्टी तिच्या मूळ, कमी वेगावर चालते. तुमच्या २४०० च्या मशीनला त्याने बहुधा फरक पडणार नाही, पण ३२०० चालवू शकणाऱ्या लॅपटॉपवाल्याने भपकेबाज पट्टी घेऊन २४०० मिळवल्याची उदाहरणं आहेत. साधी, जेडेकच्या ठरलेल्या वेगाची आणि टायमिंगची, १.२ व्होल्टची पट्टी घ्या. ईसीसी (चुका स्वतःच दुरुस्त करणारी) लिहिलेली एसओडिमही मिळते, स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. ती वर्कस्टेशनवाल्यांसाठी.

मग जोडी. एकाच कंपनीची, एकाच बॅचची जोडी हवी, हा मित्राचा आग्रह डेस्कटॉपवर रॅम ताणून चालवणाऱ्यांकडून आलेला आहे. लॅपटॉपमध्ये ठरलेल्या वेगावर सॅमसंगच्या शेजारी हायनिक्स किंवा मायक्रॉन सुखाने नांदते. मुळात रॅमच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या याच तीन. किंग्स्टनसारख्या कंपन्या त्यांच्याकडून चिप घेऊन पट्टी बनवतात आणि एकाच मॉडेलमध्ये आज एकीच्या, उद्या दुसरीच्या चिप असू शकतात. तेव्हा 'तीच कंपनी' म्हणून घेतलेली पट्टीही आतून वेगळी निघू शकते.

जोडीचा खरा उपयोग दोन चॅनेल वापरण्यात आहे. २४०० वर एक पट्टी सेकंदाला १९.२ जीबी देऊ शकते, दोन चॅनेल मिळून ३८.४. तुमच्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, म्हणून रिकामा स्लॉट भरल्याचा फायदा क्षमतेपलीकडेही दिसतो. ८ आणि १६ अशी विषम जोडी लावली तर दोन चॅनेल बंद पडतात, असं सांगितलं जातं. तसं नाही. दोन्हीकडचे आठ-आठ जोडीने चालतात आणि उरलेले ८ जीबी एकाच चॅनेलवर. म्हणून नवी १६ बसवताना जुनी ८ काढून ड्रॉवरमध्ये टाकू नका, जागच्या जागी राहू द्या.

८ जीबीच घ्यायची ठरलीत तर '१आरएक्स१६' पासून लांब राहा. तिच्यावर चारच चिप असतात. डीडीआर४ मध्ये अशा रुंद चिपना बँक ग्रुप, म्हणजे चिपच्या आतले आलटून-पालटून काम करणारे विभाग, निम्मेच असतात, त्यामुळे ती जरा मंद चालते. शिवाय हिशोब करा, ८ भागिले ४, म्हणजे इथेही चिप १६ गिगाबिटची. जुन्या मशीनला पुन्हा तोच प्रश्न. दिसायला सुटसुटीत म्हणून लोक तीच उचलतात.

नकली माल ओळखायचा तर लेबल आणि सीपीयू-झेडमधलं एसपीडीचं पान समोरासमोर ठेवा. पार्ट नंबर, बनवणारी कंपनी, बनल्याचा आठवडा आणि वर्ष तिथे दिसतं. लेबलावर एक आणि आत दुसरं असेल तर परत करा. वापरलेली रॅम घ्यायला मात्र माझी ना नाही. रॅम झिजत नाही, दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेली मूळ पट्टी बहुतेकदा नव्या अनोळखी ब्रँडपेक्षा चांगली निघते.

बसवताना. शटडाउन करताना शिफ्ट दाबून धरा, म्हणजे फास्ट स्टार्टअपला बगल देऊन मशीन पूर्ण बंद होतं. चार्जर काढा. झाकणाचे स्क्रू ज्या जागी होते त्याच क्रमाने कागदावर ठेवा. पुढचे आणि मागचे सारख्या लांबीचे नसतात, लांब स्क्रू आखूड जागी आवळला की कीबोर्डाला फुगवटा येतो. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, वायरीला न ओढता. मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. धातूच्या एखाद्या मोठ्या वस्तूला हात लावून घ्या. रॅमवर पातळ पत्र्याचं किंवा काळ्या फिल्मचं आवरण असेल तर ते नंतर परत लावायचं आहे, फेकू नका.

पट्टी साधारण ३० अंशांत तिरपी धरून खाच जुळवा आणि आत सरकवा. इथेच बहुतेक जण फसतात. नीट गेली की सोनेरी पट्ट्यांची अगदी बारीक रेघ उरते. दोन-तीन मिलिमीटर सोनं दिसत असेल तर ती अजून गेलेली नाही, आणि तशीच खाली दाबली तरी बाजूच्या क्लिपा लागू शकतात. वरून सगळं ठीक दिसतं, मशीन मात्र मुकं. आधी आत, मग खाली, मग दोन्ही क्लिपांचा टक् आवाज. जुन्या पट्टीचे संपर्क खोडरबराने घासायची सवय असेल तर सोडा, त्याचा चुरा स्लॉटात जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा पुरतो.

पहिल्यांदा चालू करताना धीर धरा. नव्या रॅमशी जुळवून घेण्यात बायॉस थोडा वेळ घेतो. डीडीआर४ मध्ये पाऊण-एक मिनिट लागू शकतं. डीडीआर५ मध्ये काही मिनिटं काळी स्क्रीन राहते, एकदोनदा आपोआप बंद-चालू होतं आणि लोक तेवढ्यात घाबरून बॅटरी ओढतात, म्हणजे जुळवणी पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या मशीनवर पाच मिनिटं गेली तरी काही नाही, तर नवी पट्टी एकटीच एका स्लॉटात, मग दुसऱ्यात, मग जुनी एकटी, असं करून बघा. दहातले सात वेळा ती नीट आत गेलेलीच नसते.

चालू झालं की टास्क मॅनेजरमध्ये २४ जीबी दिसायला हवेत. वापरण्याजोगे थोडे कमी दिसले तर 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' बघा, तेवढी जागा ग्राफिक्सने राखून ठेवलेली असते. ती रॅमची खराबी नाही. खूपच कमी दिसत असतील, ३ जीबीच्या आसपास, तर विंडोज ३२ बिटचं आहे आणि ते बदलल्याशिवाय कितीही रॅम टाकून उपयोग नाही. तुमच्यासारख्या आठव्या पिढीच्या मशीनवर असं क्वचितच असतं. सी ड्राइव्हवरची मोकळी जागा थोडी घटली तरी चकित होऊ नका, हायबरनेशनची फाइल रॅमच्या प्रमाणात वाढते.

मग एक रात्र मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, चालू ठेवा. मेमटेस्ट८६+ वापरणार असाल तर २०२२ मध्ये आलेली ६.०० किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, आधीच्या आवृत्त्या यूईएफआयवर (बायॉसच्या नव्या रूपावर) चालू होत नाहीत. त्यासाठी सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमवरून मशीन चालू होऊ न देणारी सेटिंग) बंद करावं लागलं तर विंडोज परत येताना डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच लिहून ठेवा, तेही दुसऱ्या कुठल्या उपकरणावर किंवा कागदावर. मेमटेस्टमध्ये एक जरी चूक दिसली तरी पट्टी परत. 'एकच आहे, चालतंय की' असं म्हणून ठेवलेली पट्टी दोन महिन्यांनी फाइली बिघडवते आणि तोवर परत करायची मुदत गेलेली असते.

तुमच्याबाबतीत निवड अशी करा. रोजचं काम उघडं ठेवून कमिटेडचा आकडा दोन-तीन दिवस बघा. तो १३-१४ च्या आत राहत असेल तर ८ जीबी, १आरएक्स८, डीडीआर४-३२०० किंवा २६६६, जी मिळेल ती. त्यावर जात असेल किंवा व्हर्च्युअल मशीन, व्हिडिओ एडिटिंग असं काही असेल तर १६ जीबी, २आरएक्स८. त्याआधी लॅपटॉपचा बायॉस चार्जर लावून अपडेट करा, आणि आतल्या पट्टीच्या लेबलाचा फोटो फोनमध्ये ठेवूनच विक्रेत्याकडे जा. लेबलावर मी वर दिलंय त्यापेक्षा वेगळं काही दिसलं तर त्याचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.